उन्हाळी सुटीतील एक दिवस : आनंदसागरची सहल व तीवरून घ्यावयाचे पाठ

(इयत्ता ३ री ते ५ वीसाठी, सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यात घ्यावयाचा पाठ)

प्रास्ताविक

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली की बहुतेक शाळांतून निबंधाचा पहिला विषय ठरलेला असतो : ‘मी सुटीत काय केले’. हा मथळा फळ्यावर लिहिला जातो आणि वर्गाचे नकळत दोन भाग पडतात. ज्यांच्या आईबापांनी त्यांना कोठे तरी नेले, ती मुले उत्साहाने लिहू लागतात. ज्यांची सुटी वीटभट्टीवर, शेतावर किंवा धाकट्या भावंडास सांभाळण्यात गेली, ती मुले शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहतात. काही मुले न पाहिलेल्या स्थळाचे वर्णन रचून लिहितात. भाषेच्या तासात मुलास खोटे लिहिण्याचा पहिला धडा असा शाळेतच मिळतो. शिक्षकाची तशी इच्छा नसते. परंतु विषयाची मांडणीच तशी असते.

यावर उपाय म्हणून सहलीचा विषयच टाळावा असे कोणी म्हणेल. तथापि तेही योग्य नव्हे. मुलास जो आनंद झाला, तो त्याने वर्गात आणावा हे स्वाभाविकच आहे. मात्र चार मुलांनी पाहिलेले स्थळ तीस मुलांच्या उपयोगी कसे पडेल, याचा विचार शिक्षकाने आधी केला पाहिजे. धामणगाव रेल्वे व आसपासच्या खेड्यांतील कुटुंबांस परिचित असलेली शेगावची सहल घेऊन तसा एक पाठ येथे दिला आहे.

शिक्षकांसाठी माहिती

पाळणे, झोके, घसरगुंड्या व खेळण्यातील आगगाडी यांनी युक्त असे मनोरंजनाचे उद्यान ही वस्तू नवी वाटली, तरी तिचे जुने रूप आपल्या जत्रेत आहे. दोन उभ्या खांबांवर फिरणारा लाकडी पाळणा व घोड्यांची चक्री मुलांनी जत्रेत पाहिलेली असते. १८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचा पोलादी आकाशपाळणा उभारला. त्यास ३६ डबे असून प्रत्येक डब्यात ६० माणसे बसू शकत. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. या दोन्ही गोष्टी एकाच शहरातील व एकाच वर्षातील आहेत असे सांगितल्यास तो सन मुलांच्या चांगला ध्यानात राहतो.

एखादी कल्पना मध्यवर्ती धरून सर्व उद्यान तिच्याभोवती रचावे, ही पद्धत विशेषेकरून १९५५ नंतर रूढ झाली. त्या वर्षी १७ जुलै रोजी अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड उघडले. मुली चक्रीवर बसलेल्या असताना आपण बाकावर नुसते बसून राहतो; आईबाप व मुले यांनी मिळून आनंद घ्यावा अशी जागा असली पाहिजे, या विचारातून ती कल्पना आपल्याला सुचली, असे डिस्ने सांगत. आपल्या राज्यात मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले व २०२२ मध्ये ते बंद झाले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले.

वऱ्हाडातील कुटुंबांस मात्र या सर्वांहून जवळचे वाटले ते शेगावचे आनंदसागर. श्री गजानन महाराज संस्थानाने हे विस्तीर्ण उद्यान या शतकाच्या आरंभी उभे केले. मोठे तळे, तळ्यातील बेटावर ध्यानकेंद्र, संतांच्या मूर्ती, मुलांचे पाळणे व उद्यानातून फिरणारी लहान आगगाडी ही त्याची ओळख झाली. दर्शन आणि मुलांचा खेळ एकाच प्रवासात साधत असल्याने उन्हाळी सुटीत तेथे कुटुंबांची रीघ लागे. उद्यान मध्यंतरी काही वर्षे बंद राहिले होते. यास्तव सहल काढण्यापूर्वी कोणते विभाग चालू आहेत याची चौकशी अवश्य करावी. पुढील वाचनपाठातील कुटुंब कल्पित आहे आणि काळ उद्यानाचे सर्व विभाग चालू होते तेव्हाचा आहे.

वाचनपाठ : शेगावची सहल

जिनाचा हंगाम संपला आणि बाबांना चार दिवसांची मोकळीक मिळाली. तेव्हा शेगावास जावे, महाराजांचे दर्शन घ्यावे व संध्याकाळी मुलांना आनंदसागर दाखवावे, असे घरात ठरले. आजी, आई, बाबा, नऊ वर्षांची ताई आणि चार वर्षांचा बाळ अशी पाच माणसे निघाली.

आदल्या रात्री आईने दशम्या केल्या. आजीने कैऱ्या उकडून त्यांचा गर गुळात कालवून डब्यात भरला. बाबांनी पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्यांना ओले फडके गुंडाळले. “एवढे ओझे कशाला?” ताईने विचारले. आजी म्हणाली, “उन्हाळ्यात पाण्याला ओझे म्हणू नये.”

पहाटे धामणगावच्या फलाटावर गाडी आली. ताई खिडकीशी बसली व स्थानकांची नावे वहीत लिहू लागली. चांदूर रेल्वे, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, आणि मग शेगाव. बाळ अकोल्यापर्यंत झोपला होता.

दर्शन व प्रसाद होईपर्यंत ऊन चांगलेच तापले. ताई उद्यानात जाण्याची घाई करू लागली. पण आजी म्हणाली, “दुपार सावलीत काढायची. झोके काही पळून जात नाहीत.” सर्वजण सावलीत विसावले. ऊन कलल्यावर ते उद्यानाकडे निघाले.

आत शिरताच बाबांनी सर्वांना थांबवले. लहान आगगाडीच्या फलाटाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “कोणी चुकले तर येथेच यायचे. आजी येथेच बसेल.” त्यांनी बाळाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. तीवर बाबांचे नाव, गावाचे नाव व दूरध्वनीचा क्रमांक होता.

ताई झोक्यावर बसली. बाळ घसरगुंडीवरून पाच वेळा खाली आला. मग सगळी तळ्याकाठी गेली. तेथे गर्दी होती. आईने मागे वळून पाहिले, तो बाळ नाही! आईच्या तोंडचे पाणी पळाले. ती हाका मारीत धावू लागली. ताईने तिचा पदर धरला व म्हणाली, “आई, आधी फलाटाकडे चल.”

फलाटावर आजीच्या मांडीशी बाळ उभा होता. त्याच्याजवळ उद्यानातील एक सेवेकरी होते. रडणाऱ्या बाळाच्या खिशातील चिठ्ठी त्यांनी वाचली होती. “आजी कुठे आहे?” असे विचारताच त्याने आगगाडीकडे बोट दाखवले होते. आईने त्यास उचलून घेतले. बाबांनी सेवेकऱ्यांस हात जोडले.

मग सर्वजण आगगाडीत बसले. आजीही बसली. गाडी सुटताच बाळापेक्षा आजीच अधिक हसू लागली.

परतताना रस्त्याच्या कडेला एक बाई फुटाणे विकत होती. ताईच्याच वयाची तिची मुलगी पुड्या बांधीत होती. ताईने फुटाणे घेतले. थोडे पुढे गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, ती कधी आगगाडीत बसली असेल का?” बाबांना उत्तर देता आले नाही. रात्रीच्या गाडीत ताईने वही काढली आणि स्थानकांची नावे उलट क्रमाने लिहिली. धामणगाव आले, तेव्हा तीही झोपली होती.

पाठाचे विवरण

भूगोल. फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तीवर स्थानके मांडावीत. धामणगाव ते शेगाव हे अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. या मार्गात एक गोष्ट अशी आहे की ती गाडीतील प्रवाशांच्याही सहसा ध्यानात येत नाही. धामणगावकडील पाणी वर्धा नदीस मिळते. तेथून ते पुढे गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागरास जाते. बडनेऱ्याकडील पाणी पेढी नदीतून पूर्णेस व पूर्णेतून तापीस मिळून अरबी समुद्रास जाते. चांदूर व बडनेरा यांच्यामधील टेकड्यांचा भाग हा येथील जलविभाजक होय. घराच्या पाख्याचे उदाहरण द्यावे : आढ्यावर पडलेले पाणी दोन बाजूंस वाहते, तसेच हे. शाळेच्या अंगणात मातीचा उंचवटा करून त्यावर तांब्याने पाणी ओतावे, म्हणजे सर्व वर्गास जलविभाजक समजतो.

मूर्तिजापूर स्थानकाजवळ ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाडीची गोष्ट सांगावी. यवतमाळ, मूर्तिजापूर व अचलपूर यांना जोडणारी ही अरुंद मार्गाची गाडी कापसाच्या व्यापारासाठी ब्रिटिश काळात घातली गेली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत असे. तिच्या फेऱ्या पुढे बंद पडल्या. धामणगावच्या मोठ्या मार्गाच्या रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर, शकुंतलेचे ७६२ आणि माथेरानच्या लहान गाडीचे ६१० मिलिमीटर. ही तिन्ही अंतरे खडूने जमिनीवर आखावीत व मुलांस त्यांतून चालावयास सांगावे. खेळण्यातील गाडी म्हणजे काय, हे न पाहिलेल्या मुलासही यावरून कळते.

गणित. येथील दर केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत. एका बाजूचे पूर्ण तिकीट ५० रुपये धरावे. अनारक्षित डब्यात पाच वर्षांखालील मुलास तिकीट नसते; पाच वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारा न झालेल्या मुलास निम्मे पडते. तेव्हा आजी, आई व बाबा यांचे १५०, ताईचे २५ आणि बाळाचे काही नाही, असे जाण्याचे १७५ व जाऊन येऊन ३५० रुपये होतात. हा खर्च किती दिवसांच्या बचतीतून निघेल हे मुलांनी काढावे. रोज १० रुपये बाजूस ठेवले तर ३५ दिवस लागतील. खर्चाचे उदाहरण सोडविताना कोणाच्या घरी किती मिळकत आहे, हे मात्र कदापि विचारू नये.

रांगेचे उदाहरणही उपयुक्त आहे. आपल्या पुढे ६० माणसे आहेत, पाळण्यात एका वेळी १२ बसतात आणि प्रत्येक फेरीस ५ मिनिटे लागतात. तर आपली पाळी किती वेळाने येईल? उत्तर २५ मिनिटे. मध्ये कोणी बारा जण घुसले तर मागच्या प्रत्येकास ५ मिनिटे अधिक लागतात. रांग मोडणे वाईट असे नुसते सांगण्याऐवजी दुसऱ्याची किती मिनिटे आपण घेतली, हे मोजून दाखविले म्हणजे ते मुलांस पटते. शिकागोच्या पाळण्याचे ३६ गुणिले ६० बरोबर २,१६० हे उदाहरण चौथीच्या मुलांस द्यावे.

विज्ञान. प्रत्येक खेळाच्या मुळाशी निसर्गाचा एखादा नियम आहे, आणि तो पाहण्यास उद्यानात जाण्याची गरज नाही.

झोका : एका दोरीस दगड बांधून ती खिळ्यास टांगावी. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत लांबी एक मीटर असल्यास दहा पूर्ण हेलकाव्यांस सुमारे २० सेकंद लागतात. पाव मीटर असल्यास सुमारे १० सेकंद. दगड बदलून जड घेतला तरी वेळ तोच राहतो. अशा रीतीने ताई व आजी यांचा झोका सारख्याच गतीने हेलकावे का घेतो, हे मुले स्वतः शोधतात.

सीसॉ : एका आडव्या ओंडक्यावर मजबूत फळी ठेवावी. ३० किलो वजनाचा मुलगा मध्यापासून एक मीटरवर बसला, तर २० किलोच्या मुलीने दीड मीटरवर बसावे. फळी समतोल राहते. वजन व अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा असला पाहिजे. वजनकाट्याचा व पहारेने दगड उचलण्याचा नियमही याच जातीचा आहे.

चक्री : जमिनीत खुंटी रोवून दोरीने दोन वर्तुळे काढावीत, एक लहान व एक मोठे. एका काठीची दोन टोके दोन मुलांनी धरून खुंटीभोवती फिरावे. आतला चालतो, तेव्हा बाहेरच्यास धावावे लागते. बाहेरच्या घोड्यावर बसण्यात अधिक मौज का वाटते, याचे हेच कारण.

आकाशपाळणा : पाळणा वर गेला तरी आतील माणूस उलटा होत नाही, कारण डबा वरच्या आडव्या दांड्यास सैल टांगलेला असतो व त्याचा भार दांड्याच्या खाली असतो. कडी असलेली बादली हातात धरून हात वर-खाली फिरविल्यास हे दिसते.

आरोग्य. वऱ्हाडातील मे महिना हा सहलीच्या दृष्टीने कठीण काळ आहे. पारा ४५ अंशांवर जाणे येथे नवलाचे नाही. मे २०२४ मध्ये तर अकोला जिल्ह्यात उष्णतेमुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशीही कडक ऊन होते. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय झाली नव्हती आणि लोकांचे फार हाल झाले. एवढ्या खर्चाच्या कामातही पाण्यावाचून अडले, हे मुलांस अवश्य सांगावे.

पुढील नियम फळ्यावर लिहून वहीत उतरून घ्यावेत. दुपारी बारा ते चार सावलीत राहावे. डोक्यावर दुपट्टा किंवा टोपी असावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. पत्र्याची घसरगुंडी उन्हात तापते, म्हणून आधी हाताने चाचपून पाहावी. तळ्याच्या काठी लहान मुलाचा हात सोडू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. ती प्रत्येक मुलास करता आली पाहिजे. ऊन लागलेल्या माणसाचे अंग अतिशय तापते; तो असंबद्ध बोलू लागतो किंवा त्याची शुद्ध हरपते. त्यास सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही घालू नये.

चुकलेल्या मुलाचा भाग वर्गात नाट्यरूपाने करून घ्यावा. आपले पूर्ण नाव, आईबाबांचे नाव, गाव व एक दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा. संकटातील मुलांसाठी असलेला १०९८ हा क्रमांकही त्यांस सांगावा. जत्रेत, बाजारात वा लग्नघरी मूल कोठेही चुकू शकते. म्हणून हा भाग आनंदसागर न पाहिलेल्या मुलासही तितकाच लागू आहे.

नागरिकत्व. शेगावच्या संस्थानाची स्वच्छता व सेवेकऱ्यांची शिस्त ही दूरवर ओळखली जाते. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा जत्रेस जात, ते हातात खराटा घेऊन. आनंदाची जागा कोणी तरी झाडते म्हणून ती आनंदाची राहते, हा विचार मुलांपुढे ठेवावा. पाळणा फिरविणारा, रूळ तपासणारा, झाडांना पाणी घालणारा अशा किती माणसांच्या श्रमांवर आपला एक दिवस उभा असतो, याची यादी मुलांकडून करून घ्यावी. या माणसांची मुलेही कोणत्या तरी शाळेत बसलेली असतात.

न गेलेले मूल

पाठातील ताईने विचारलेल्या प्रश्नास बाबांनी उत्तर दिलेले नाही. वर्गातही शिक्षकाने त्याचे उत्तर देऊ नये. मुलांस बोलू द्यावे. कोणी म्हणेल, तिला तिकीट काढून द्यावयास हवे होते. कोणी म्हणेल, ती रोजच तेथे असते, म्हणून तिला हौस नसेल. तेव्हा एखादे मूल असे काही बोलून जाते की त्यावरून त्याच्या घरची सुटी कशी गेली हे शिक्षकास कळते. ते ऐकावे व मनात ठेवावे. त्याची चर्चा करू नये.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ‘कोण कोण शेगावास गेले होते? हात वर करा,’ असे कधीही म्हणू नये. या प्रश्नातून शिक्षकास काही शिकविता येत नाही. ज्यांचे हात खाली राहतात, ती मुले मात्र पुष्कळ काही शिकून जातात. त्याऐवजी ‘फिरणारी कोणती वस्तू तुम्ही पाहिली?’ असे विचारावे. मग कोणी रहाट सांगेल, कोणी बैलगाडीचे चाक, कोणी कुंभाराचे चाक, तर कोणी तळेगाव दशासरच्या शंकरपटातील धावती छकडी. उद्यानातील पाळणा हे त्या यादीतील एक उत्तर ठरते. त्याहून मोठे काही ठरत नाही. वीटभट्टीवर सुटी काढून आलेल्या मुलास विटांचे थर व हजार विटांची मोजणी ठाऊक असते. गणिताच्या तासात तो इतरांच्या पुढे असतो, फक्त त्याला तसा प्रश्न विचारला पाहिजे.

आरंभीची काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे हेच सूत्र आचरले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळा कुरणात नेली. मूल जेथे आहे, तेथून शिक्षणास आरंभ करणे हाच त्या कुरणशाळेचा अर्थ होय. उद्यान शाळेत आणणे हा त्याच मार्गाचा एक लहान टप्पा आहे. जुना टायर, सोल, एक फळी व सावलीचे झाड एवढ्यावर झोका व सीसॉ तयार होतो. फांदी व गाठी शिक्षकाने स्वतः भार देऊन तपासाव्यात, खाली मऊ माती पसरावी आणि खेळाच्या वेळी तेथे उभे राहावे.

स्वाध्याय

१. धामणगाव ते शेगाव या मार्गावरील मुख्य स्थानके क्रमाने व उलट क्रमाने लिहा.
२. आपल्या गावच्या नाल्याचे पाणी कोणत्या नदीस व शेवटी कोणत्या समुद्रास मिळते, ते घरच्या वडील माणसांस विचारून लिहा.
३. दोरी व दगड घेऊन दहा हेलकाव्यांचा वेळ मोजा. दोरीची लांबी बदलून पुन्हा मोजा.
४. पाच माणसांच्या एक दिवसाच्या प्रवासासाठी बरोबर काय काय न्यावे, याची यादी करा. सर्वांत आधी काय लिहाल व का?
५. जलसंजीवनी करण्याची रीत घरी आईस किंवा आजीस सांगा.
६. ‘सुटीत मी नीट पाहिलेली एक वस्तू’ यावर दहा ओळी लिहा.

शेवटचा विषय जुन्या निबंधाच्या जागी ठेवावा. या दहा ओळींसाठी कोणास प्रवास करावा लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि खोटे लिहावे लागत नाही. वह्या तपासताना शुद्धलेखनाच्या चुकांवर प्रथम खूण न करता मुलाने काय पाहिले ते आधी वाचावे. चांगली निरीक्षणे, मग ती आकाशपाळण्याची असोत वा विटेच्या साच्याची, वर्गात एकाच आवाजात वाचून दाखवावीत.